तळ नसलेला चिखल

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. विचारणारं कोणी नव्हतं म्हणून नव्हे. उलट सीमेचा विषय निघाला की ओळखीची माणसं माझ्याकडेच वळतात.

वाशिंदला आमच्या इमारतीखाली एक चहाची टपरी आहे. परवा तिथल्या टीव्हीवर कुठल्याशा देशाच्या सीमेवरच्या भिंतीची बातमी लागली होती. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "आपल्याकडं पण सरळ भिंत बांधून टाकली पायजे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. विषय संपला."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "तुझ्या घरामागची गटाराची भिंत दोन पावसाळे टिकली नाय, आणि देशाची बांधायला निघाला."

सगळे हसले. टपरीवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "बाबांना विचारा. बाबा होते तिकडं कामाला. काय हो बाबा, का नाय होत भिंत?"

भाजी आणायची राहिली म्हणून मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. हातात पिशवी नव्हती, हे टपरीवाल्याच्या लक्षात आलं असणार. जिना चढताना मी मध्येच पायरीवर बसलो. वयामुळे बसतो असं मुलगा समजतो. मी त्याला तसं समजू देतो.

भिंत का होत नाही, हे मला चांगलं सांगता येतं. पण सांगायला लागलो की दोन-चार वाक्यांतच एक माणूस मध्ये येऊन उभा राहतो आणि मला गप्प व्हावं लागतं. आता वय असं झालंय की गप्प राहायलाही फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. शिवार संपतं तिथून मुरबाडची हद्द सुरू होते आणि हद्दीच्या पलीकडे टेकाडावर एक कातकरी वाडी आहे. वाडीतली माणसं आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला यायची, माझ्या वडिलांच्या काळापासून. मी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो आणि त्याची बायको लग्न झालेल्या वर्षापासून आमच्या खाचरात आवणी करत. मीही त्यांच्याबरोबर गुडघाभर चिखलात उतरलेलो. चिखलात त्याचा पाय फार भरवशाचा. बैल फसला की मला आधी त्याची आठवण यायची. तो यायचा, बैलाच्या पोटाखाली खांदा लावायचा आणि म्हणायचा, "दादा, घाबरता कशाला? पाय खाली लागतोच."

ते खरंही होतं. आमच्याकडच्या भाताच्या जमिनीला खाली कडक थर असतो. चिखलणी केली की वरची माती लोण्यासारखी होते, पण गुडघ्याखाली कुठेतरी पाऊल टेकतं. चिखल कितीही वाईट दिसला तरी त्याला तळ आहे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ते लहानपणापासून पायाला माहीत असतं.

मी आधी कालव्याच्या कामावर मोजणीला होतो. लेव्हल नावाचं यंत्र तिपाईवर बसवून जमिनीचा उंचसखलपणा मोजायचा, हे माझं काम. समोर एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरतो. त्या पट्टीला आम्ही स्टाफ म्हणतो. यंत्राच्या दुर्बिणीतून स्टाफवरचा आकडा वाचायचा. काम सोपं, पण नजर लागते. कालव्याचं काम संपल्यावर मला एका ठेकेदाराकडे नोकरी लागली. त्याने सीमेवरच्या कुंपणाच्या कामाचा एक तुकडा घेतला होता. कच्छच्या रणाच्या पश्चिमेकडे, खाडीच्या बाजूला. चिखलात काम करणारी माणसं आण, असं त्याच्या साइटवरच्या साहेबाने मला सांगितलं. मला वाडी आठवली.

म्हशाच्या जत्रेत मला ते दोघं भेटले. बैलबाजाराच्या कडेला, लहान मुलीला खाऊ घेऊन देत होते. मी कामाचं सांगितलं. तो लगेच तयार झाला. वीटभट्टीपेक्षा बरं, म्हणाला. बायको म्हणाली, "कुठं आलं ते?"

"देशाच्या टोकाला," मी म्हणालो.

"त्याच्या पल्याड काय?"

"पल्याड दुसरा देश."

तिने मुलीला जवळ ओढलं. "दादा, भट्टीवर मी संगती असतंय. हितं तुमच्या भरवशावर धाडतंय. तुमी सांगा, कोन आनून देल परत?"

"मी," मी म्हणालो. "मी घेऊन जातोय, मीच आणून सोडीन."

एवढं ऐकल्यावर तिने त्याला जायला सांगितलं. वाडीतले आणखी काही जण निघाले. त्यांच्यात एक म्हातारा होता, थट्टेखोर. वाटभर त्याचं तोंड बंद नव्हतं.

रणात उतरलो त्या दिवसापासून मला भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला कळू दिलं नाही. आपल्याकडे कुठेही उभं राहिलं तरी डोंगर दिसतो. माहुली नाही तर सिद्धगड, काहीतरी पाठीशी असतं. तिथे काहीच नव्हतं. पांढरं, सपाट, आणि आकाश त्याला चिकटलेलं. आम्ही जिथे काम करत होतो तिथून खरी सीमा आणखी पुढे होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती. सीमेवरच्या जवानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्यांच्यापैकी कुणी बरोबर असल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. कुठपर्यंत आपलं आणि कुठून दुसऱ्याचं हे पायाला कळत नव्हतं.

म्हातारा मात्र आजूबाजूला बघून म्हणाला, "दादा, हितं भिंत बांधून अडवायचं कोनाला? मानूस तर दिसंना." तेवढ्यात लांबून रानगाढवांचा कळप गेला. "हां," म्हातारा म्हणाला, "पाव्हने आले." सगळे हसले. मीही हसलो.

साहेबाच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. त्यात सगळं सरळ रेषेत होतं. वर भराव, भरावावर खांब, खांबांना काटेरी तार, मागे रस्ता. प्रत्यक्षात पक्क्या भिंतीचा विचार कुणी केलाच असेल तर तो जमिनीनेच मोडून काढला होता. पाया खणायला घेतला की दोन हातांवर खारं पाणी वर यायचं. विटेला मीठ लागलं की वीट पिठासारखी सुटायची. लोखंडाचा खांब आज रंगवून उभा केला तर पुढच्या वर्षी त्याचे पापुद्रे हातात यायचे. मुरूम आणि दगड लांबच्या डोंगरांतून गाड्यांनी आणावे लागायचे, प्यायचं पाणीही टँकरने. भराव टाकला की तो बसायचा. आज छातीएवढा घातलेला भराव आठवड्यात कमरेएवढा दिसायचा. वाडीतली माणसं टोपल्या ओतून ओतून थकायची. म्हातारा म्हणायचा, "दादा, खाली कोनतरी बसून खातोय."

पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जाणार, म्हणून त्याआधी जितकं होईल तितकं करायचं. आमच्या तुकड्यात एका ठिकाणी भराव जोडला जात नव्हता. मध्ये एक काळपट पट्टा होता. बाकीच्या रणावर मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि हा पट्टा ओलसर, चकचकीत. ट्रॅक्टर तिथे जायला तयार नव्हता. साहेबाला त्या पट्ट्याच्या पलीकडच्या पातळ्या हव्या होत्या. तिकडचा भराव किती उंच घ्यायचा, ते त्यावर ठरणार होतं.

आमच्या कामाची एक अडचण होती आणि ती नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रणात यंत्र फक्त सकाळी लवकर चालतं. ऊन चढलं की जमिनीवरची हवा हलायला लागते. दुर्बिणीत स्टाफ नाचतो. समोरच्या माणसाचे पाय नाहीसे होतात. कधी कमरेपासून वरचा माणूस हवेत तरंगतो, कधी तोही दोन तुकड्यांत दिसतो. सुरुवातीला मी दचकायचो. मग सवय झाली. पाय नसलेला माणूस बघणं हे माझं रोजचं झालं. म्हणून ऊन चढल्यावर वाचन घ्यायचं नाही असा नियम होता. दुसरा नियम, जवान बरोबर असल्याशिवाय पट्ट्यापलीकडे माणूस पाठवायचा नाही. आणि तिसरा, पट्ट्यावर जाताना कमरेला दोर बांधायचा आणि पायाखाली फळ्या टाकायच्या.

त्या दिवशी मी तिन्ही नियम मोडले. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. साहेब तर म्हणाला होता, "जवान दुसरीकडे गेलेत, उद्या सकाळी बघू." पण वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार होते आणि पातळ्या तयार आहेत असं त्यांच्यासमोर सांगायची मला हौस होती. कालव्यावर मी असा एकदा नाव काढलेला माणूस. फळ्या आणि दोर दगडांच्या डेपोवर होते, तिथे जाऊन आणण्यात ऊन आणखी चढलं असतं. मी त्याला म्हणालो, "चल, दोघंच जाऊन येऊ."

पट्ट्याच्या कडेला तो थांबला. त्याने अंगठ्याने चिखल दाबून पाहिला, वास घेतला. "दादा, हा वेगला वाटतोय."

"वेगळा काय? आपल्या खाचरासारखा आहे," मी म्हणालो. "गुडघ्याखाली कडक लागेल."

तो हसला. "लागंलच. पाय खाली लागतोच."

स्टाफ खांद्यावर टाकून तो निघाला. मी भरावाच्या टोकाला तिपाई रोवली. वारा समुद्राकडून होता. तो पट्टा ओलांडत असताना मी यंत्र सपाट बसवायला त्यातला बुडबुडा मध्यावर आणत होतो, त्यामुळे तो नेमका कसा चालला ते मी पाहिलं नाही. दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा तो पट्ट्याच्या पलीकडच्या कडेजवळ उभा होता. कमरेखाली नाहीसा, जसे सगळेच दिसायचे तसा. त्याने एक हात वर केला.

हात वर करणं ही आमची खूण होती. मीच शिकवलेली. स्टाफ टेकला, आकडा वाचा, असा तिचा अर्थ.

मी आकडा वाचला. अपेक्षेपेक्षा खूप जास्त आला. म्हणजे जमीन फार खोल. मला वाटलं हवा हलते आहे. पुन्हा वाचला, तर आणखी जास्त. तिसऱ्यांदा वाचला, आणखी वाढला. मी उन्हाला शिव्या दिल्या, डोळा पुसला आणि पुन्हा दुर्बिणीत बघितलं. हात वरच होता. मला त्याचं कौतुक वाटलं, की एवढा वेळ कसा स्थिर उभा आहे. आकडा वाढत जातो याचा अर्थ स्टाफ खाली जातो आहे, हे शिकाऊ पोराला कळलं असतं. मी इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस, मृगजळ समजून बघत राहिलो.

मग मी डोकं वर काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या मोठ्या पांढऱ्यात तो फार लहान दिसत होता. पायच नव्हते. दुर्बिणीशिवायही नव्हते.

मी धावलो. पट्ट्यावर काही पावलं गेलो आणि माझा पाय नडगीपर्यंत आत गेला. मी तो खाली दाबून पाहिला. कडक काही लागलं नाही. खाली जमीनच नव्हती. त्या क्षणी अंगात जे उठलं ते मला आजही झोपेत उठवतं. मी पालथा पडून हातांनी सरपटत मागे आलो. तिथून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो ओरडत नव्हता. बैल फसल्यावर बोलायचा तितक्याच आवाजात म्हणाला, "दादा, तळ लागंना."

"हलू नको," मी म्हणालो. "दोर आणतो."

"लवकर या. पानी येतंय."

मला पाणी दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं, कारण ते त्याच्या बाजूने येत होतं. पावसाळ्याआधी समुद्राकडून वारा लागला की खाडीचं पाणी त्या सपाटीवर पसरतं. लाट नसते, आवाज नसतो. सारवलेल्या अंगणावर बादली लवंडावी तसं पातळ पुढे सरकतं.

मी आमच्या छावणीकडे पळालो. वाटेत जीप घेऊन येणारा साहेबच भेटला. मी सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सीमेच्या रेषेच्या आत आहे ना?" मला खरंच माहीत नव्हतं. डेपोवरून दोर घेतला आणि आम्ही परत आलो. आमच्या बाजूला पाणी पावलं बुडतील इतकंही नव्हतं. पण कमरेपर्यंत, छातीपर्यंत रुतलेल्या माणसाला बुडायला पाणी किती लागतं? पट्टा होता, पाणी होतं, आणि पाण्यावर ऊन. मी हाका मारल्या. साहेबाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ऐक," तो म्हणाला. "जवान नसताना माणूस पुढे धाडलास. पहिले तुला धरतील. मग काम बंद. मग बाकीची माणसं चौकशीत. गेलेला येणार आहे का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यावर सगळं ठरलं. तो सकाळी पाण्याच्या टँकरवर बसून पळून गेला असं सांगायचं. स्टाफ दिसत नव्हता, म्हणून तोही त्यानेच नेला. साहेबाने हे सुचवलं, पण वाडीतल्या माणसांसमोर माझ्याच तोंडून ते गेलं. एका मेलेल्या माणसाला मी पळपुटा केलं आणि चोरही केलं.

थट्टेखोर म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "टँकरवर एवढी लांब काठी मावली कुठं?"

"आडवी धरली," मी म्हणालो.

"बरं. तुमी सांगताव ते खरं."

त्यानंतर त्याने त्या कामावर एकही थट्टा केली नाही. तो असेपर्यंत मला त्याची धास्ती वाटत राहिली. तो वारल्याचं कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहून ठेवायला हवं.

परत आल्यावर वाडीत मीच गेलो. मी आणून सोडीन म्हणालो होतो ना. ती दारात उभी होती. माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तिने पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं. मी टँकरचं सांगितलं. तिने विचारलं, "बोलला काय?"

"काही नाही. हात वर केला लांबून."

हे का बोललो कोण जाणे. माझ्याजवळ त्याचं खरं म्हणून तेवढंच उरलं होतं, ते मी खोट्यात घातलं. तिने त्यातलं तेवढंच उचललं. शेजारच्या बाईला म्हणाली, "हात केला म्हनजे येनार तो."

नवरा मेला असता तर वाडीने तिच्याबरोबर त्याचे दिवस घातले असते, ती रडली असती, मोकळी झाली असती. कदाचित दुसरं घर केलं असतं. त्यांच्यात त्याला अटकाव नाही. पण नवरा पळालेला. ती कुंकू लावून बसली. पाणवठ्यावर बाया तिला ऐकवायच्या, "तुझ्यात काय नसंल म्हनून गेला." हे मला आमच्या गड्याकडून कळायचं. वाडीतून कुणी मुंबईच्या बाजूला कामाला निघालं की ती त्याला सांगायची, दिसला तर सांग, मुलगी मोठी झाली.

मी काय केलं? आवणीला वाडीतली माणसं बोलवणं बंद केलं. शेत अर्धेलीने दिलं. मुलांच्या शाळेचं निमित्त काढून वाशिंदला राहायला आलो. मुरबाडला जायचं असेल तर सरळ रस्ता सोडून कल्याणवरून फिरून जायचो, कारण सरळ रस्त्यावर वाडीचा फाटा लागतो आणि फाट्यावर ती सरपण घेऊन बसलेली असायची. म्हशाच्या जत्रेला पुन्हा गेलो नाही. एसटीत कुणी मागून दादा म्हणून हाक मारली की अजून मानेवर काटा येतो. दारावर अनोळखी माणूस आला की वाटायचं, कुठूनतरी कळलं आणि हा विचारायला आलाय. लोक म्हणायचे, माणूस फार सावध आहे.

टपरीवरून उठून आलो त्या दिवशी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मुरबाडची गाडी धरली. सरळ रस्त्याची. आता वाडीत घरकुलं झाली आहेत, रस्ता आहे, विजेचे खांब आहेत. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी कमी दिसत असावं. माझा आवाज ऐकून तिने सूप बाजूला केलं.

"कोन, दादा? मी बोलंय दादांना आमचा राग आला." मग आत बघून, "पानी आन गो. दादा आलेत."

पाणी घेऊन तिची लेक आली. जत्रेत मी पाहिलेली ती लहान मुलगी. आता तिचीच मुलगी लग्नाची आहे. लेक भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. बापासारखेच रुंद पाय.

"बरे आले," म्हातारी म्हणाली. "तुमीच सांगा हिला. ही मला रोज बोलते, बाप मेला असंल, दिवस घालून टाक. घरात कार्य निघालंय, मेलेल्याला तसाच ठेवून कार्य करू नको बोलते. मी बोलंय, दादांनी डोळ्यांनी पाह्यला टँकरवर. जित्या मानसाचे दिवस कसे घालू?"

लेक म्हणाली, "आई, तो एवढी वर्सं जिता असता तर आला नसता?"

"लाजला असंल. तुमी सांगा दादा, कसा गेला ते."

मी सांगायलाच आलो होतो. एसटीत सगळी वाक्यं मनात लावून आलो होतो. तोंड उघडलं आणि मी पुन्हा पाणी मागितलं. दोघी वाट बघत होत्या. म्हातारीने कपाळावरचा पदर नीट केला. खरं सांगितलं तर ते कुंकू तिने माझ्यासमोर पुसलं असतं. मला तेव्हा तिची भीती वाटली की माझी, हे मला अजून ठरवता येत नाही.

"सकाळची वेळ होती," मी म्हणालो. "टँकर निघाला. तो मागे चढला. हात केला."

"ऐकलंस?" म्हातारी लेकीला म्हणाली.

मी निघालो तेव्हा लेक फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली. प्रवाशांची जीप लांबून येताना दिसली तेव्हा म्हणाली, "काका, मला खरं सांगा. आईला नाय सांगत मी. नुसतं माझ्यापुरतं. घालू का दिवस?"

जीप जवळ आली, थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चला बाबा, बसा."

"आईला जप," मी म्हणालो, आणि बसलो. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून माझ्याकडेच बघत होती. माझ्या तोंडात जे होतं ते तोंडातच राहिलं. घाल, पोरी, दिवस घाल. तो पळाला नाही. त्याने काही चोरलं नाही. मी त्याला खाली तळ लागेल म्हणून सांगितलं, आणि तो मला दादा म्हणून हाक मारत असताना मी पाठ फिरवली. तुझ्या आईला मी आणून सोडीन म्हणालो होतो. मला माफ करा.